हरवलेला 'स' खरोखर परत मिळतो का?

दूरध्वनीवर आपले नाव किंवा गाव सांगताना 'साताऱ्याचा स', 'फणसाचा फ' अशी फोड करून सांगावे लागते, हा अनुभव बहुतेकांनी घेतलेला आहे. समोरासमोर बोलताना अशी फोड करण्याची वेळ सहसा येत नाही. याचे कारण असे, की जुन्या पद्धतीची दूरध्वनी यंत्रणा आपल्या आवाजाचा वरचा, म्हणजे उच्च वारंवारतेचा भाग पुढे पाठवीतच नाही. हा गेलेला भाग न्यूरल नेटवर्कच्या साहाय्याने 'परत आणता' येतो, असे आता सांगितले जाते. तसे करणारे संगणक कार्यक्रमही उपलब्ध आहेत आणि त्यांतून बाहेर पडणारा आवाज कानाला खरोखरच स्वच्छ लागतो.

या विषयावरील एका चर्चित शोधनिबंधाचे परीक्षण आम्ही येथे करीत आहोत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील व्होलोदिमिर कुलेशोव्ह, झैद इनाम आणि स्टेफानो एर्मोन यांचा 'ऑडिओ सुपर रेझोल्यूशन युझिंग न्यूरल नेटवर्क्स' हा तो निबंध. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. निबंधाच्या निमित्ताने आम्हाला विचारायचा आहे तो प्रश्न मात्र साधा आहे. हे यंत्र हरवलेला ध्वनी परत आणते, की त्याच्या जागी दुसरा ध्वनी तयार करून बसवते? दोन्ही गोष्टी कानाला सारख्याच वाटू शकतात. म्हणूनच त्यांतील फरक विद्यार्थ्यांना समजावून देणे आवश्यक आहे.

दूरध्वनी काय कापतो?

माणसाच्या कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचे ध्वनी ऐकू येतात. दूरध्वनीसाठी मात्र ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुरेसा मानला गेला. अंकीय दूरध्वनीत आवाजाचे दर सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात. नमुनादराच्या निम्म्याहून अधिक वारंवारता अशा नमुन्यांतून नोंदवता येत नाही, हा या विषयातील मूलभूत नियम आहे. म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीही नोंदवले जाणे शक्य नाही.

स्वरांचे यात फारसे नुकसान होत नाही. 'अ', 'इ', 'उ' हे स्वर ओळखण्यासाठी लागणारी मुख्य अनुनादशिखरे ३,४०० हर्ट्झच्या आत येतात. नुकसान होते ते ऊष्म वर्णांचे. दातांमागच्या अरुंद फटीतून हवा जोराने घुसते तेव्हा 'स' उमटतो. त्याची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असते, आणि स्त्रिया व लहान मुले यांच्या बाबतीत तर ती आणखी वर सरकते. 'श'ची ऊर्जा त्या मानाने खालून, २,५०० ते ३,००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. म्हणून दूरध्वनीवर 'श' पुष्कळसा टिकतो, आणि 'स' व ओठ-दातांनी उच्चारलेला 'फ' यांत गोंधळ होतो.

मराठीत याला आणखी एक पदर आहे. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, हे शब्द आपण एकसारखे लिहितो, पण उच्चारतो निराळे. पहिला 'ज' तालव्य, दुसरा दंततालव्य. 'चार' आणि 'चाक' यांतील 'च'चेही तसेच. लिपीत न दाखवला जाणारा हा भेद कानालाच ओळखावा लागतो, आणि दंततालव्य उच्चारातील घर्षणाची ऊर्जा तालव्य उच्चारापेक्षा वरच्या पट्ट्यात असते. वरचा पट्टा कापला की हा भेदही पुसट होतो.

खालचे कळते, वरचे कळत नाही

दूरध्वनी ३०० हर्ट्झच्या खालचा भागही कापतो. पुरुषाच्या आवाजाची मूळ वारंवारता १०० ते १२५ हर्ट्झच्या आसपास, स्त्रीची २०० हर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे ती दूरध्वनीतून जातच नाही. तरीही दूरध्वनीवर बोलणारी व्यक्ती पुरुष आहे की स्त्री, हे आपल्याला बहुधा लगेच कळते. असे का व्हावे?

समजा, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात ४००, ६००, ८००, १,००० हर्ट्झ असे संनादी स्वर आहेत. त्यांच्यातील अंतर सर्वत्र २०० हर्ट्झ आहे. म्हणजे मूळ वारंवारता २०० हर्ट्झच असली पाहिजे. आपला मेंदू हे गणित नकळत करतो. येथे जे हरवले आहे त्याची खूण उरलेल्या भागात शाबूत असते, म्हणून ते निश्चितपणे काढता येते.

'स'ची गोष्ट निराळी. तो संनादी स्वरांनी बनलेला नाही. तो खळबळत्या हवेचा अनियमित आवाज आहे. ३,४०० हर्ट्झच्या खाली त्याचा जो क्षीण अंश उरतो, त्यावरून 'येथे काहीतरी सळसळले' एवढे समजते. ती सळसळ नेमकी किती तीव्र होती, कोणत्या वारंवारतेला तिचे शिखर होते, हे निश्चित सांगता येत नाही. खालच्या आणि वरच्या पट्ट्यांचा परस्परसंबंध किती, आणि त्यामुळे वरच्या पट्ट्याचा अंदाज जास्तीत जास्त किती चांगला करता येईल, हा प्रश्न जर्मनीतील आखेन येथील पीटर जॅक्स आणि पीटर व्हारी यांनी २००२ सालीच हाताळला होता. अशी मर्यादा उपलब्ध माहितीची असते. संगणक कितीही शक्तिमान केला तरी ती ओलांडता येत नाही.

निबंधातील प्रयोग

या पार्श्वभूमीवर स्टॅनफर्डच्या निबंधाकडे पाहू. त्यातील कल्पना सरळ आहे. चांगल्या प्रतीचे ध्वनिमुद्रण घ्यायचे. त्यातील वरचा पट्टा गाळून नमुनादर कमी करायचा. आता एकाच बोलण्याच्या दोन प्रती आपल्या हाती येतात, एक पूर्ण आणि एक कापलेली. अशा असंख्य जोड्या न्यूरल नेटवर्कला दाखवायच्या. नेटवर्क म्हणजे येथे गुणाकार-बेरजांची एक लांबलचक साखळी आहे, असे समजावे. कापलेली प्रत आत घालायची, बाहेर आलेले उत्तर पूर्ण प्रतीशी ताडून पाहायचे, आणि फरक कमी होईल अशा रीतीने साखळीतील गुणक थोडे थोडे बदलत जायचे. पुरेशा सरावानंतर नेटवर्कला कधीही न ऐकलेली कापलेली प्रत दिली, तरी ते मधले नमुने भरून काढते. नमुन्यांची संख्या २, ४ आणि ६ पटींनी वाढवण्याचे प्रयोग निबंधात आहेत.

या निबंधाचे गुण मोकळेपणाने सांगितले पाहिजेत. ध्वनिशास्त्रातील खास युक्त्या न वापरता, थेट ध्वनिलहरीच्या नमुन्यांवर काम करणारी ही रचना साधी आणि नेटकी आहे. तुलनेसाठी घेतलेल्या आधीच्या पद्धतींपेक्षा तिचे निकाल सरस आले. मुख्य म्हणजे लेखकांनी आपले नेटवर्क कोठे अडते हेही तपासले. गाळणी वापरून सराव दिलेल्या नेटवर्कला गाळणीविना तयार केलेला आवाज दिला, किंवा याच्या उलट केले, तर निकाल खालावतो, हे त्यांनी स्वतःच दाखवून दिले आहे. बोलण्यावर शिकवलेले नेटवर्क पियानोवर आणि पियानोवर शिकवलेले बोलण्यावर चालत नाही, हीही नोंद त्यांनी केली आहे.

गाळणीचा हा मुद्दा शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा. सेकंदाला ८,००० नमुने घेताना आधी वरचा भाग गाळला नाही, तर ५,००० हर्ट्झची लहर ३,००० हर्ट्झच्या लहरीचे रूप घेऊन नोंदीत शिरते (८,००० वजा ५,०००). म्हणजे वरच्या पट्ट्याचा माग खालच्या पट्ट्यात मिसळलेला राहतो. असा माग असलेल्या नोंदींवर चाचणी घेणे, म्हणजे उत्तराचा काही भाग प्रश्नपत्रिकेतच छापण्यासारखे आहे. खऱ्या दूरध्वनीत गाळणी असते. म्हणून या क्षेत्रातील कोणताही दावा वाचताना 'आवाज आधी गाळला होता का?' हा प्रश्न पहिल्यांदा विचारावा.

फरक मोजण्याची पद्धत

आमचा पहिला आक्षेप नेटवर्कला शिकवताना वापरलेल्या मापाविषयी आहे. निबंधात मूळ नमुना आणि नेटवर्कचा नमुना यांतील फरकाचा वर्ग काढून त्याची सरासरी कमीत कमी ठेवली आहे. हे माप स्वरांना ठीक चालते. 'स'सारख्या अनियमित ध्वनीला ते कसे लागू पडते, ते एका लहान उदाहरणावरून पाहू.

समजा, एका क्षणी हरवलेला नमुना निम्म्या वेळा +१ आणि निम्म्या वेळा −१ असतो, आणि तो कोणता हे कळायला काहीही मार्ग नाही. आपण नेहमी +१ असे उत्तर दिले, तर निम्म्या वेळा त्रुटी ० आणि निम्म्या वेळा २ येईल. वर्गांची सरासरी होईल (० + ४) ÷ २ = २. आता नेहमी ० असे उत्तर दिले, तर प्रत्येक वेळी त्रुटी १, आणि वर्गांची सरासरीही १. म्हणजे जे उत्तर कधीच बरोबर नसते, त्यालाच जास्त गुण मिळतात! या मापावर शिकणारे नेटवर्क, जेथे खात्री नाही तेथे गप्प बसायला शिकते. परिणामी 'स' मिळमिळीत होतो.

हा दोष संशोधकांच्या लक्षात आला, आणि पुढील काळात निराळ्या पद्धती आल्या. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेली 'नू-वेव्ह' ही त्यांपैकी एक. तीत सुरुवात यादृच्छिक खरखरीपासून होते, आणि कापलेल्या प्रतीच्या आधाराने ती पायरीपायरीने साफ करीत भरदार आवाज घडवला जातो. मिळमिळीतपणा यामुळे जातो. पण सुरुवातच यादृच्छिक असल्यामुळे तोच आवाज पुन्हा दिला, तर वरच्या पट्ट्यात दर वेळी थोडे निराळे उत्तर मिळते. आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. हरवलेली वस्तू सापडली असती, तर ती दर वेळी तीच असती. येथे मिळते ती त्या जागी शोभेल अशी वस्तू.

दुसरा आक्षेप ऐकणाऱ्यांच्या चाचणीविषयी. निबंधात श्रोत्यांकडून आवाजाच्या दर्जाला गुण देऊन घेतले आहेत. दर्जा म्हणजे आवाज मूळ प्रतीच्या किती जवळचा आणि किती चांगला वाटतो. पण चांगला वाटणे आणि बरोबर समजणे या वेगळ्या गोष्टी आहेत. 'फ'च्या जागी खणखणीत 'स' ऐकू आला, तर मूळ प्रत समोर नसलेला श्रोता खूश होईल आणि चुकीचे नाव लिहून घेईल. 'किती शब्द बरोबर लिहिले?' ही चाचणी दर्जाच्या गुणांबरोबर घ्यायलाच हवी.

अंदाज कोठे लागतो आणि कोठे चुकतो?

यावर कोणी म्हणेल, की माणसाचा मेंदू तरी दुसरे काय करतो? हा युक्तिवाद विचार करण्यासारखा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी १९७० साली 'सायन्स' या नियतकालिकात एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. एका इंग्रजी वाक्यातील 'लेजिस्लेचर्स' या शब्दातला 'स' त्यांनी ध्वनिफितीतून कापून काढला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज बसवला. श्रोत्यांना शब्द पूर्ण ऐकू आला. खोकला नेमका कोणत्या अक्षरावर होता, हेही त्यांना सांगता येईना. म्हणजे मेंदूही गाळलेल्या जागा भरतो.

पण मेंदू त्या भरतो संदर्भाच्या आधाराने. 'उद्या सकाळी लवकर ये' या वाक्यातील 'स' कापला गेला, तरी काही बिघडत नाही, कारण तेथे दुसरे अक्षर बसतच नाही. अडचण येते ती अनोळखी आडनाव, खेड्याचे नाव, औषधाचे नाव किंवा परक्या भाषेतील शब्द ऐकताना. तेथे संदर्भ मदत करीत नाही. नेटवर्कचीही हीच गत आहे. जेथे अंदाज बरोबर येतो, तेथे श्रोत्यालाही तो करता आलाच असता. जेथे श्रोता अडतो, तेथे नेटवर्कजवळही पुरेशी माहिती नसते. फरक एवढाच, की शंका आली तर माणूस 'पुन्हा सांगा' म्हणतो. यंत्र काहीही न विचारता शंका झाकून टाकते. अस्पष्ट आवाज निदान आपण अस्पष्ट आहोत हे तरी सांगत असतो.

नेटवर्क कोणाच्या बोलण्यावर शिकले, हेही महत्त्वाचे आहे. स्टॅनफर्डच्या लेखकांनी एडिंबरो विद्यापीठाचा 'व्हीसीटीके' हा ध्वनिसंग्रह वापरला. त्यात इंग्रजी बोलणाऱ्या सुमारे ११० व्यक्तींचे वाचन आहे. नू-वेव्हच्या प्रयोगातही हाच संग्रह होता. उत्तम संग्रह आहे, यात शंका नाही. पण त्यात मराठीचा तालव्य-दंततालव्य भेद नाही आणि लहान मुलांचे बोलणेही नाही. अशा नेटवर्कच्या हाती मराठी मुलाचा आवाज दिला, तर ते त्याच्या तोंडी कोणाचा 'स' आणि कोणाचा 'च' घालील?

जुन्या ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत हा धोका अधिक गंभीर होतो. सुमारे १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण विजेच्या मायक्रोफोनविना, कर्ण्यासमोर बोलून किंवा गाऊन होत असे, आणि वरचा पट्टा तबकडीवर उतरतच नसे. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या निमित्ताने विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अनेक भारतीय भाषा व बोलींच्या तबकड्या तयार झाल्या. अशी तबकडी कोणी 'सुधारली' आणि उद्या एखाद्या अभ्यासकाने तीवरून शंभर वर्षांपूर्वीच्या उच्चारांचे मोजमाप केले, तर तो त्या काळच्या माणसाचा उच्चार मोजीत नसेल. तो आजच्या नेटवर्कची सवय मोजीत असेल. न्यायालयापुढे येणाऱ्या दूरध्वनीच्या नोंदीलाही हेच लागू आहे. तेथे एका अक्षरावर माणसाचे नाव बदलते.

मग उपयोग काय?

आमचा विरोध तंत्राला नाही. बातम्या, गोष्टी, व्याख्याने ऐकताना भरदार आवाजाने कान कमी थकतात, आणि तेथे अंदाज चालून जातो. पण 'परत आणणे' हा शब्द आम्हाला मान्य नाही. निबंधाच्या लेखकांनी स्वतः आपले नेटवर्क हरवलेल्या नमुन्यांचा अंदाज बांधते, असेच म्हटले आहे. पुढे जाहिरातींत आणि बातम्यांत त्या अंदाजाची 'पुनर्प्राप्ती' होते. अशा प्रत्येक ध्वनिफितीवर 'वरचा भाग अनुमानित' अशी नोंद असावी आणि मूळ प्रत जपून ठेवावी, एवढी आमची मागणी आहे.

प्रामाणिक मार्ग उपलब्धही आहेत. ध्वनी थोड्या जागेत साठवण्याच्या एचई-एएसी या पद्धतीत वरचा पट्टा खालच्यावरूनच घडवला जातो, पण मूळ आवाजात तो किती तीव्र होता याची थोडी माहिती सोबत पाठवली जाते. अंदाजाला साक्षीपुरावा मिळतो. याहून चांगला मार्ग म्हणजे मुळात कापूच नये. १९८८ साली मान्य झालेल्या जी.७२२ या मानकाने ५० ते ७,००० हर्ट्झचा पट्टा दूरध्वनीतून पाठवण्याची सोय केली. दोन्ही टोकांना सोय असेल, तर आज आपल्याकडील ४जी मोबाइलवरही असा रुंद पट्टा मिळतो. जुन्या फोनवरून नव्या फोनकडे येताच 'साताऱ्याचा स' म्हणण्याची गरज का कमी होते, ते आता ध्यानात येईल.

वर्गात करून पाहा

संगणकावर 'ऑडॅसिटी' हा मोफत मिळणारा कार्यक्रम घ्या. 'सा, शा, फा, था, हा' ही अक्षरे उलटसुलट क्रमाने एका विद्यार्थ्याच्या आवाजात मुद्रित करा. मुद्रणाचा नमुनादर ४४,१०० असू द्या. त्यातील लो-पास फिल्टर निवडून मर्यादा ३,४०० हर्ट्झ आणि उतार मिळेल तेवढा तीव्र ठेवा. ही गाळलेली प्रत इतर विद्यार्थ्यांना ऐकवून ऐकू आलेली अक्षरे लिहायला सांगा. नंतर हाच प्रयोग ओळखीच्या वाक्यांवर आणि शेवटी मुलांनी कधीही न ऐकलेल्या गावांच्या नावांवर करा. तिन्ही वेळच्या चुकांचा तक्ता फळ्यावर मांडा.

लिहिताना विद्यार्थ्यांना एक सूचना मात्र अवश्य द्यावी. ज्या अक्षराची खात्री नाही, त्यापुढे प्रश्नचिन्ह काढायचे. त्या प्रश्नचिन्हांचीही वेगळी बेरीज करा. आज ज्या यंत्रांची आम्ही येथे चर्चा केली, त्यांच्या उत्तरात ही बेरीज नेहमी शून्य असते. ती तशी का असते, आणि ती तशी असणे चांगले की वाईट, यावर वर्गात चर्चा घडवून आणता येईल.